पोट बिघडलंय, मग मानसोपचार कशाला?

पोटोबा:
सहा वर्षं पोटात कळा, दिवसातून चार-पाचदा संडास. रिपोर्ट सगळे नॉर्मल, निदान आयबीएस, म्हणजे तपासणीत काही सापडत नसताना आतडं सतत बिघडलेलं असणं. डॉक्टरांनी शेवटी सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं तेव्हा डोकंच सटकलं. म्हणजे मी काय नाटक करतोय?

सीबीटीची, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची, बारा सत्रं केली. बालपण वगैरे कुणी उकरलं नाही. एक वही दिली: कळ कधी आली, आधी काय खाल्लं, मनात काय चाललं होतं. डोंबिवलीहून लोकल पकडण्याआधी मी तीनदा संडासला जायचो. ते दोनदावर आणलं, मग एकदावर. पोट अजूनही कुरकुरतं, पण आता दादरपर्यंत उभा जातो. डॉक्टरांसाठी मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००८ सालीच सांगितलंय की १२ महिने औषधांनी गुण आला नाही तर मानसोपचारांचा विचार करा. मी तर म्हणतो, एवढंही थांबू नये.

तिरपागडे:
साफ असहमत. १९५० च्या सुमारास शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांच्या मनोकायिक, म्हणजे मनातून शरीरात उतरणाऱ्या, आजारांच्या यादीत अल्सर होता, दमा होता, आमवातही होता. अल्सरवाल्यांना वर्षानुवर्षं ‘टेन्शन घेऊ नका’ ऐकवलं. अल्सर जंतूमुळे होतो हे दाखवायला १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर बॅरी मार्शल स्वतः ते जंतू प्यायले, काही दिवसांत जठराला सूज आली. २००५ चं नोबेल त्यांना आणि त्यांचे सहकारी वॉरन यांना मिळालं. इलाज काय, तर अँटिबायोटिक!

माझ्या आत्याला दोन वर्षं ‘मनाला लावून घेता’ म्हणाले. निघाला गव्हातलं ग्लूटेन आतड्याला न सोसणारा आजार, सीलिअ‍ॅक. पोळी बंद, भाकरी सुरू, आत्या ठणठणीत.

पोटोबा:
आत्यांच्या बाबतीत चुकलंच. पण परीक्षेच्या सकाळी होणारे जुलाब खोटे असतात का? मेंदू आणि आतडं नसांनी जोडलेलं आहे, कळ खरीच असते.

शेवंती_दवाखाना:
सांगलीकडे जनरल प्रॅक्टिस करते. ‘गॅस डोक्यात चढतो’ म्हणणारे रोज येतात. वजन घटलंय का, शौचातून रक्त जातं का, जुलाबाने रात्री झोपेतून उठावं लागतं का, हे आधी विचारायचं. तिरपागडे, आत्यांना लागणारी सीलिअ‍ॅकची रक्तचाचणी नाइसच्या त्याच मार्गदर्शिकेत आहे. ती झाली नाही, हा दोष सीबीटीचा नव्हे.

पण पोटोबा, इथे पाठवू कुणाकडे? जवळपास सीबीटी येणारं कुणी नाही. नैराश्यावरची एक गोळी कमी डोसमध्ये पोटाच्या कळांवरही चालते, म्हणून कमी डोसची अ‍ॅमिट्रिप्टिलिन देते. ‘ही तर वेड्यांची गोळी’ असं मेडिकलवाल्याने सांगितलं की पेशंट ती फेकतो.

तिरपागडे:
तपासणी आधी, एवढं मान्य केलंत तर माझं भांडण निम्मं संपलं. उरलेलं पैशाचं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारांना विमा मिळतो, पण बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच पैसे देतात. सीबीटीसाठी अ‍ॅडमिट कोण होतं?

पोटोबा:
बारा सत्रांचे अठरा हजार खिशातून गेले, खरंय. त्याआधी दोन कोलोनोस्कोप्यांचे (दुर्बिणीने मोठं आतडं तपासण्याचे) त्याहून जास्त गेले होते. दुसरी तर मीच हट्टाने करून घेतली होती.