यूव्ही दिवे: एक भाजतोय, एक गारठलाय. मोठा ब्लोअर घेऊ का?

शाईवाला:
नमस्कार मंडळी. कोटिंग मशीनवर लॅकर सुकवायला दोन यूव्ही (अतिनील) दिवे आहेत, नेहमीचे मध्यम दाबाचे पाऱ्याचे. दोन्हींना मिळून एकच एक्झॉस्ट ब्लोअर, नळी टी होऊन दोन हुडांत (दिव्यांवरच्या झाकणांत) जाते. लांबच्या हुडातला दिवा टिकतच नाही. काल काढला तर मधोमध केळ्यासारखा वाकलेला, काच दुधाळ. जवळचा दिवा नवाकोरा, तरी त्याचं व्होल्टेज चढता चढत नाही आणि माल बाहेर आला की लॅकर बोटाला चिकटतं. वर ओझोनचा (यूव्हीमुळे हवेत तयार होणाऱ्या वायूचा) वास. मालक म्हणतात, दुप्पट हवेचा ब्लोअर टाका. कुठला घ्यावा?

डक्टकाका:
कुठलाच नको, आधी थांबा. तुमच्या दोन तक्रारी एकमेकींच्या उलट आहेत. लांबचा दिवा हवेवाचून भाजतोय, जवळचा जास्त हवेने गारठतोय. मोठा ब्लोअर लावलात तर जवळचा आणखी गारठेल.

हा दिवा गार ठेवायचा नसतोच. दिव्याच्या काचनळीचं अंग ६०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं राहिलं तरच सगळा पारा वाफेत राहतो. फार हवा मारली की पारा काचेवर परत जमतो, व्होल्टेज खाली राहतं आणि यूव्ही कमी होतो. टोकांचं मात्र उलट. तिथे काचेत दाबलेली मोलिब्डेनमची पातळ पट्टी असते. ती ३५० अंशांच्या वर राहिली की हवेतल्या ऑक्सिजनने खराब होते आणि सील फुटतं. म्हणजे एकाच नळीला अंगावर ऊब आणि टोकांना गारवा, असे दोन्ही लाड पुरवायचे. म्हणून हवा किती यापेक्षा कुठून जाते ते बघा.

रात्रपाळी:
ब्लोअरचं गणितही सांगतो, मालकांना दाखवा. तीच नळी ठेवून हवा दुप्पट करायची तर दाब चौपट आणि मोटारीची ताकद आठपट लागते. त्यापेक्षा नळी बदला. ४ इंचांऐवजी ६ इंच व्यास केला तर तेवढ्याच हवेला घर्षणाचा अडथळा साधारण सात-आठ पटींनी कमी होतो. आणि ती लवचीक पन्हाळीदार नळी असेल तर तिची जागा भंगारात! पत्र्याची सरळ नळी टाका. प्लास्टिकची नको, उष्णता आणि ओझोन दोन्ही तिला खराब करतात.

नवखा:
दोन्ही हुडांत हवा सारखी आहे का, हे कसं कळणार? आमच्याकडे मीटर नाही.

डक्टकाका:
पारदर्शक नळी यू आकारात वाकवून पट्टीवर बांधा, अर्धी रंगीत पाण्याने भरा. एक टोक हुडाच्या नळीला पाडलेल्या छोट्या भोकात, दुसरं मोकळं. दोन बाजूंच्या पाण्यातला फरक मिलिमीटरमध्ये मोजा. दिवे बंद, ब्लोअर चालू, फिल्टर बसवलेले. आकडा दिव्याच्या कंपनीच्या पुस्तिकेशी ताडून बघा. मग दोन्ही फाट्यांना डॅम्पर (हवा कमी-जास्त करायची झडप) लावून जवळचा आवळा. फिल्टर मात्र मोजण्याआधी बघा, नाहीतर घाणीचंच मोजमाप होईल.

वासाबद्दल: ओझोन हुडाच्या फटीतून बाहेर येतोय, म्हणजे आत पुरेसं खेचणं नाही. फटीपाशी शिवणाचा दोरा धरा, आत ओढला गेला पाहिजे. बऱ्याच देशांत आठ तासांच्या पाळीला ०.१ पीपीएम (दहा लाख भागांत ०.१ भाग) ही मर्यादा आहे. नाकाला त्याच्याही आधी कळतं, पण नाक लवकर सरावतं, म्हणून वास गेला यावर विसंबू नका. एक्झॉस्टचं तोंड इमारतीबाहेर, आणि ताजी हवा आत घेणाऱ्या खिडकीपासून लांब.

शाईवाला:
काका, मोजलं. जवळच्या हुडात २२ मिमी, लांबच्यात ६! शोधता शोधता कारण सापडलं. लांबच्या फाट्याची लवचीक नळी मशीनच्या पायाखाली चेपली होती, कधीतरी मशीन सरकवताना झालं असणार. आणि त्या हुडाच्या फिल्टरवर स्प्रे पावडरची (छापलेले कागद चिकटू नयेत म्हणून मारतात ती) चक्क गादी, नखाने खरवडली तर पापुद्रा निघाला. नळी पत्र्याची केली, फिल्टर बदलले, जवळच्या फाट्याला डॅम्पर. आता १५ आणि १४. ब्लोअर तोच. लॅकर कोरडं निघतंय. नवा दिवा बसवला आहे, किती तास टिकतो ते काही महिन्यांत कळेल.

रात्रपाळी:
नवा दिवा उघड्या हातांनी धरला नाहीत ना? बोटाचा ठसा तापल्यावर काचेत भाजला जातो, पुढे तिथूनच ती पांढरी पडते. सुती हातमोजे घाला, आणि लावण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

शाईवाला:
धरला होता. उद्या सकाळी थंड असतानाच काढून पुसतो. अजून एक: दिवे बंद केल्यावर ब्लोअर किती वेळ चालू ठेवायचा? आमचा ऑपरेटर दोन्ही बटणं एकदमच दाबतो.

डक्टकाका:
ती सवय आधी मोडा! दिवा विझला तरी काच आणि रिफ्लेक्टर धगधगतच असतात. पाच-दहा मिनिटं ब्लोअर चालू हवा, टायमरच लावा, ऑपरेटरच्या आठवणीवर सोडू नका. आणि दाबाचा स्विच जोडून घ्या, हवा थांबली की दिवा आपोआप विझला पाहिजे.