मदत हवी आहे: टायमर १ मधून अधूनमधून चुकीचा आकडा वाचला जातो

खानापूर तालुक्यातील आमच्या उसाच्या पंपासाठी एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलर चिपवर, १६ मेगाहर्ट्झवर, मी हौसेने असेम्ब्ली भाषेत वेळमापक लिहीत आहे. चॅटबॉटने टीसीसीआर१बी (टायमर १ चे नियंत्रण रजिस्टर) मध्ये लिहिण्यासाठी 'आउट' सूचना दिली होती. परंतु त्या रजिस्टरचा पत्ता 'आउट'च्या आवाक्याबाहेर असल्याने तिथे 'एसटीएस' वापरावी लागली. इंटरप्टमध्ये (मुख्य काम थांबवून मध्येच चालणाऱ्या कोडमध्ये) एसरेग, म्हणजे चिपचे स्थिती-रजिस्टर, जपण्याचेही तो विसरला होता (माफी मात्र तत्परतेने मागतो), तेही दुरुस्त केले.

तरीही मुख्य लूपमध्ये टीसीएनटी१ (टायमर १ ची १६-बिट मोजणी) चा खालचा बाइट आधी व वरचा नंतर वाचूनही आकडा अधूनमधून उडी मारतो. सध्या केवळ एलईडी जोडलेला असल्याने पंपामुळे होणाऱ्या विजेच्या गडबडीचा प्रश्न नाही. इंटरप्टमध्ये ओसीआर१ए (मोजणीशी तुलना करायचा आकडा ठेवणारे रजिस्टर) लिहिले जात असल्यामुळे, टीसीएनटी१ व ओसीआर१ए या दोहोंत सामाईक असलेले, वरचा बाइट तात्पुरता ठेवणारे टेम्प रजिस्टर मध्येच बदलत असावे, असा माझा संशय आहे. माझ्याकडे ऑसिलोस्कोप नाही, आणि सी भाषेकडे वळायचे नाही. वाचनाआधी एसरेग जपून 'सीएलआय' (इंटरप्ट बंद करणारी सूचना) देणे व नंतर तो पूर्ववत करणे एवढे पुरेसे आहे का, की ओसीआर१ए चे लेखनच इंटरप्टबाहेर काढावे?