मदत हवी आहे : माळ्यावरच्या झाडांसाठी एसी कोणता? (तातडीचं)

घाईतला_माळी
माळ्यावर रॅकवर लेट्यूस आणि बेसिल लावलंय, मातीशिवाय, पाण्यातलं. दुपारी तापमान ४१ वर जातंय. लेट्यूस उंच सुटून कडू व्हायला लागलंय. सहा इंची एक्झॉस्ट दिवसरात्र चालू आहे, छपराला आतून फॉइलही लावून झालं, फरक शून्य. एक टन पुरेल की दीड घेऊ? पोर्टेबल चालेल का? शनिवारी घ्यायचाच आहे. कृपया मुद्द्याचं सांगा.

थर्मल_काका
छप्पर कशाचं? माळा किती बाय किती? दिवे किती वॅटचे? एक्झॉस्ट हवा कुठून ओढतो? फॉइल कसं लावलंय? हे काहीच न सांगता टन विचारताय. पत्रिका बघून सांगायचं का?

कूलरप्रेमी
एसीची गरजच नाही. डेझर्ट कूलर लावा. विजेचा खर्च नगण्य आणि झाडांना दमटपणा आवडतो.

घाईतला_माळी
पत्रा आहे, साधा पन्हळी. माळा ६ बाय ४ मीटर, मध्ये आढ्याखाली उभं राहता येतं. दिवे १२० वॅटचे चार. फॉइल पत्र्याला आतून चिकटवून वर पांढरा रंग मारलाय, उजेड रॅकवर परतावा म्हणून. एक्झॉस्ट त्रिकोणी भिंतीत आहे, हवा आपोआप येते वळचणीच्या फटीतून. आता सांगा, एक की दीड?

थर्मल_काका
दोन चुका इथेच सापडल्या.

पहिली, रंग. फॉइल काम करतं ते त्याचा चकचकीत पृष्ठभाग उष्णतेचे किरण जवळपास सोडतच नाही म्हणून. त्यावर रंग मारला की ते संपलं. पांढरा रंग डोळ्याला पांढरा, पण तापलेल्या पत्र्यातून निघणाऱ्या अवरक्त किरणांच्या दृष्टीने तो काळ्यासारखाच वागतो. सध्या तुमच्या छपराला फॉइल आहे असं धरूच नका.

दुसरी, वळचण. तिथून आत येणारी हवा तापलेल्या पत्र्याला घासत येते. तुम्ही पंख्याने गरम हवा बाहेर टाकून आणखी गरम हवा आत घेताय. हवा सावलीच्या बाजूने, खालून यायला हवी.

दुपारी दोनला पत्र्याचं आतून तापमान मोजा. रंग मारलाय त्यामुळे इन्फ्रारेड बंदूक निदान खरा आकडा दाखवेल, चकचकीत फॉइलवर ती फसते.

पन्हळ_आणि_पाऊस
पत्र्याखाली नुसता फोमचा बोर्ड बसवून पावसाचा आवाज फारसा कमी होत नाही. बोर्ड पत्र्याला घट्ट टेकवू नका, आणि खालून जिप्समचे दोन थर द्या, सांधे एकावर एक येऊ न देता. माझ्या मते आवाजासाठी रॉकवूल उत्तम.

घाईतला_माळी
आवाजाचा प्रश्नच नाहीये हो. पत्रा आतून ६४ आला.

थर्मल_काका
आता हिशोब करता येतो. उतार धरून छप्पर सुमारे २८ चौ.मी. आत २६ अंश हवं, म्हणजे फरक ३८. उघड्या पत्र्याखालच्या हवेच्या थराचा उष्णतारोध ०.१७ धरला तर नुसत्या छपरातून सव्वासहा किलोवॅट उष्णता येते. पावणेदोन टन (एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट)! त्यात दिवे यायचेच आहेत.

आता मध्ये एक्सपीएस बोर्ड, म्हणजे बंद पेशींचा कडक पॉलिस्टायरीन फोम, घाला (उष्णता-वाहकता ०.०३४ धरून):
५० मिमी : सुमारे ६५० वॅट
७५ मिमी : ४५०
१०० मिमी : ३४०

पहिल्या ५० मिमीने नव्वद टक्के भार गेला. आता सांगा, पैसे एसीत घालायचे की बोर्डात?

घाईतला_माळी
म्हणजे एसी नकोच?

थर्मल_काका
हवा, पण छोटा, आणि शेवटी. छप्पर ४५०, दिवे ४८०, पंखे आणि पंप ६०, भिंती-जमीन-फटी मिळून ४०० धरा. एकूण १.४ किलोवॅटच्या आसपास. पाऊण टनाचा इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे हळू-जोरात चालणारा) आरामात पुरतो.

सलाडवाडी
झाडं पितात ते पाणी मोजलंत का? रोज किती भरताय? त्याच्या वाफेचा भार वेगळा धरावा लागतो, लिटरला ०.६८ युनिट.

घाईतला_माळी
रोज १२ लिटर टाकीत भरतो.

सलाडवाडी
मग आठ युनिट झाली की. सोळा तास दिव्यांवर वाटली तर ५०० वॅट वाढवा.

थर्मल_काका
वाढवायचे नाहीत. पाण्याची वाफ करायला लागणारी उष्णता दिव्यांतूनच येते. ४८० वॅट सोळा तास म्हणजे ७.७ युनिट, आणि वाफ ८.२. जवळपास सगळी दिव्यांची उष्णता पानांतून वाफ होऊन हवेत जाते. बेरीज तीच, फक्त रूप बदललं. दोनदा मोजू नका.

सलाडवाडी
बेरजेचं मान्य. पण रूप बदललं हेच तर दुखणं आहे. खोली २६ ला पोचते, एसी थांबतो, वाफ मात्र तिथेच. मोठा एसी घेतलात तर पाच मिनिटांत थंड करून बंद पडेल आणि दमटपणा ८५ च्या वर बसेल. त्यात बेसिलवर केवडा (पानांवरची बुरशी) आलाच म्हणून समजा. छोटा, सतत हळू चालणारा हवा. आणि दिवे बंद असतानाच्या तासांसाठी डीह्युमिडिफायर (हवेतली वाफ शोषणारं यंत्र), त्याला ह्युमिडिस्टॅट (दमटपणा बघून चालू-बंद करणारा स्विच) जोडून ६५ टक्क्यांवर.

थर्मल_काका
हे मात्र शंभर टक्के बरोबर. फक्त लक्षात ठेवा, डीह्युमिडिफायर स्वतः खोली गरम करतो. एका लिटरमागे ते ०.६८ युनिट परत हवेत, वर त्याची स्वतःची वीज.

कूलरप्रेमी
सगळे एसीवाले एका सुरात. चाळीस अंश आणि २० टक्के दमटपणाला ओल्या बल्बचं तापमान (पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी थंड होते ते) २२ च्या आसपास असतं. चांगला कूलर २६ ची हवा देतो!

सलाडवाडी
देतो, कोरड्या हवेत, आणि समोरचं तोंड सताड उघडं असेल तर. ३२ अंश आणि ७० टक्क्यांना तोच कूलर २८ च्या खाली उतरत नाही, आणि खोलीत सोडतो जवळपास संपृक्त हवा. बंद माळ्यात तर तो फक्त वाफ करण्याचं यंत्र. धागाकर्त्याकडे आधीच बारा लिटर वाफ आहे, तुम्ही आणखी कुठे वाढवता?

जांभळा_दिवा
अवांतर, पण १२० वॅटचे दिवे पांढरे आहेत की लाल-निळे? लाल-निळे कमी तापतात.

वायरमन
१२० वॅट कोणत्याही रंगात १२० वॅटच. शेवटी सगळी उष्णताच. फायदा होतो तो ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा डबा) खोलीबाहेर काढल्यावर, त्याचे पाच-दहा टक्के बाहेर जातात. चार दिव्यांत २५-५० वॅट वाचले तर वाईट नाही. आणि दिवे रात्री लावा. संध्याकाळी सहा ते सकाळी दहा, सोळा तास. छपराचा चढता भार आणि दिव्यांचा भार एकाच वेळी अंगावर घेऊ नका.

घाईतला_माळी
दिवे रात्री हलवतो. शिवाय सकाळी पाणी ठिबकतं ते वेगळं. स्क्रूतून पत्रा गळतोय, सिलिकॉन मारलं तरी थांबत नाही. फोम लावायच्या आधी ते बंद करणार.

थर्मल_काका
पाऊस नसताना गळतोय?

घाईतला_माळी
हो, पाऊस नाहीच. रोज पहाटे.

थर्मल_काका
मग गळती नाही, दव आहे. पत्रा रात्री मोकळ्या आकाशाकडे उष्णता सोडून बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. तुमची वाफ त्यावर जाऊन बसते, आणि स्क्रूचं टोक आत आलेलं असतं म्हणून थेंब तिथूनच पडतो. पहाटे पाचला तीन आकडे घ्या : खोली, दमटपणा, पत्रा.

घाईतला_माळी
खोली २३, दमटपणा ७४, पत्रा १६.५.

थर्मल_काका
२३ ला ७४ टक्के म्हणजे दवबिंदू (ज्या तापमानाखाली वाफेचं पाणी होतं तो) १८. पत्रा दीड अंश खाली. सिलिकॉनची नळी ठेवून द्या.

याच कारणासाठी ग्लासवूल किंवा रॉकवूल नको (पन्हळवाले रागावू नका). वाफ त्यातून आरपार जाते, पत्र्याशी पाणी होतं आणि लोकर आतून भिजते. भिजलेली लोकर उष्णता अडवत नाही. बंद पेशींचा बोर्डच हवा, आणि वाफ अडवणारी बाजू खोलीकडे. क्रम असा :

पर्लिन (पत्रा ज्यावर टेकतो ते लोखंडी वासे) आडवे असतात, त्यामुळे पत्र्याखालची हवा वळचणीकडून आढ्याकडे चढू शकत नाही. म्हणून पर्लिनच्या खाली ४० मिमीच्या उभ्या पट्ट्या ठोका, बोर्ड त्या पट्ट्यांखाली. पर्लिनच्या मध्ये कापून बसवू नका, लोखंड उघडं राहिलं तर तिथूनच उष्णता येते आणि तिथेच दव धरतं. वळचणीची फट या पोकळीत उघडी ठेवा, आढ्याशी बाहेर जायला वाट द्या, दोन्हीकडे जाळी. खोलीकडून मात्र ही पोकळी पूर्ण बंद. बोर्डांचे सांधे, भिंतीशी कड, वायर जाते ते भोक, सगळीकडे पीयू फोम आणि वर अॅल्युमिनियम टेप. काम इथेच बिघडतं. बोर्ड सगळे नीट लावतात आणि कडेला बोटभर फट सोडतात, मग वाफ बरोबर तिथून वर जाते.

नंतर बोर्डाखाली साडेबारा मिमी जिप्सम किंवा सिमेंट फायबर बोर्ड. एक्सपीएस जळतं, दिव्यांच्या खोलीत उघडं ठेवायचं नाही. आतला पांढरा रंग त्याच्यावर मारा.

पत्र्याच्या वरून परावर्तक पांढरा रंग दिलात तर आणखी चांगलं. वरचा पांढरा कामाचा, कारण तो ऊन परतवतो. आतला नव्हता.

वायरमन
वायर थेट बोर्डाला टेकवू नका. पीव्हीसी आणि पॉलिस्टायरीन एकमेकांना लागले की पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य बोर्डात झिरपतं आणि आवरण कडक होऊन तडकतं. कंड्युटमधून न्या, शक्यतो बोर्डाच्या खालून. फोममध्ये गाडलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून जाडी एक पायरी वरची. एसी वेगळ्या एमसीबीवर, आणि पाण्याजवळच्या सगळ्या सॉकेटना ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच).

आउटडोअर युनिट कुठे बसवणार?

घाईतला_माळी
माळ्याच्या मागच्या बाजूला पार्टिशन करून थोडी जागा आहे, तिथे.

वायरमन
देवा! ज्या माळ्यातून उष्णता काढायची तिथेच ती फेकणार? बाहेर, सावलीत, समोर मोकळी हवा. निचऱ्याच्या नळीला मीटरला किमान १ सेंमी उतार, आणि इनडोअरखाली ट्रेमध्ये फ्लोट स्विच (पाणी वर चढलं की बंद करणारा). नळी तुंबली तर एसी बंद व्हायला हवा, नाहीतर खालच्या खोलीचं छत जाईल. पोर्टेबल तर विसराच. एक नळीवाला पोर्टेबल खोलीतलीच थंड हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच गरम हवा फटींतून आत ओढतो.

सलाडवाडी
एसी चालू असताना एक्झॉस्ट बंद. पण पूर्ण बंद खोलीत दिवे असताना झाडं कार्बन डायऑक्साइड संपवतात, म्हणून तासाला पाच मिनिटं टायमरवर चालू द्या.

टाकी कुठे आहे आणि केवढी? हवा २६ झाली तरी मुळांचं पाणी २५ च्या वर गेलं की मुळं तपकिरी पडतात. २० अंशाच्या पाण्यात ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० च्या पाण्यात साडेसात.

घाईतला_माळी
२०० लिटर. माळ्याच्या मधोमध, रॅकजवळ.

थर्मल_काका
२०० किलो एका जागी, तेही तुळईच्या मध्यावर? टाकी आजच रिकामी करा. जिथे खाली भिंतीचा आधार आहे तिथे हलवा, किंवा सरळ खालच्या मजल्यावर ठेवून पंपाने चढवा. खाली पाणी थंडही राहील. पंप निवडताना चढाची उंची बघा, फक्त लिटर बघू नका. आणि परतीच्या नळीत वर एक श्वासाचं भोक ठेवा, नाहीतर ती सायफनसारखी एकदम ओढते आणि रॅकमधलं पाणी खालीवर होतं.

जांभळा_दिवा
याच माळ्यावर मशरूम होतील का? त्यांना दमटपणा हवाच असतो ना.

सलाडवाडी
नवा धागा काढा.

घाईतला_माळी
टाकी खाली नेली. एक्झॉस्टची हवा तात्पुरती जिन्याच्या बाजूने घेतली, दुपारी ४१ चे ३८ झाले. शनिवारी एसी नाही, बोर्ड आणतोय. ५० चे की ७५ चे?

थर्मल_काका
७५. एकच जाड थर नको, ५० अधिक २५ असे दोन, सांधे एकमेकांपासून हातभर सरकवून. मोजमाप दोन्ही टोकांना घ्या, जुन्या छपरात वरची आणि खालची रुंदी क्वचितच सारखी भरते.