तरुण ख्रिस्ती म्हणून रोजचं जगणं : आपापले अनुभव लिहा

डिसेंबर आला की पेपरात आपल्यावर एक पान येतं, केकचं दुकान, कागदी तारे, रात्रीचं चर्च, आणि जानेवारीपासून परत सगळं शांत. त्या पानात जे येत नाही ते इथे लिहू या असं बरेच दिवस मनात होतं. कुणाचा पंथ बरोबर हा वाद नको, फक्त रोजचं लिहा. दिवसभरात तुमचा विश्वास कुठे कुठे येतो, कुठे अडतो, कुठल्या सवयी अगदी तुमच्या एकट्याच्या आहेत. कॅथलिक, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथॉडिस्ट, पेंटेकोस्टल, कुणीही लिहा. ख्रिस्ती नसलेल्यांनी प्रश्न विचारले तरी आनंदच आहे.

सुरुवात मी करते. मी नगरची (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय), वय २६, नोकरी पुण्यात हडपसरला. माझं शास्त्रवाचन, म्हणजे बायबल वाचणं, बसमध्ये होतं. फोनवर नाही, छोटं पुस्तकच लागतं मला, आणि पेन्सिलपण लागते, कारण मी वर्षाला एक रंग ठरवते आणि त्या वर्षी मनाला भिडलेली वचनं त्याच रंगाने अधोरेखित करते. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेची काही पानं आता इतकी रंगलीत की नवीन रेघ मारायला जागा शोधावी लागते. नोकरी लागली ते वर्ष हिरवं, आजी गेली ते वर्ष जांभळं, पान उघडलं की कळतं त्या वेळी मी काय धरून ठेवलं होतं.

दुसरं म्हणजे सलाम. आमच्याकडे मंडळीतल्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, मोठ्या माणसांना सलाम म्हणतात, पाळकसाहेबांना (चर्चच्या धर्मगुरूंना), मामा-मामींना, सगळ्यांनाच. फोनवर मी "सलाम मामी" म्हणलं की ऑफिसातले मान वर करून बघतात. मग पुढचा प्रश्न ठरलेला, तू ख्रिश्चन आहेस, मग आडनाव असं कसं? नगर भागात ख्रिस्ती माणसाचं आडनाव साळवे, गायकवाड, जाधव, शिंदे काहीही असतं आणि घरात आम्ही मराठीच बोलतो, भांडतोही मराठीत आणि प्रार्थनाही मराठीतच. हे मी न चिडता सांगते, प्रत्येक वेळी, कारण ज्याने विचारलं त्याच्यासाठी ती पहिलीच वेळ असते.

वसई, २४, रोजचा लोकलचा प्रवास

मी कॅथलिक. माझी जपमाळ ट्रेनमध्ये होते. मणी खिशातच ठेवतो आणि हात खिशात घालून मोजतो, गर्दीत तेवढंच शक्य असतं. वसईला चढलो की आनंदाची, दुःखाची, ज्या वाराची असतील ती रहस्यं (येशू-मरियेच्या आयुष्यातले प्रसंग) सुरू, अंधेरी यायच्या आत पाच दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, पूर्ण होतात, गाडी लेट असली तर नंतर मित्रांसाठी प्रार्थना. आमच्या डब्यात भजनी मंडळ आहे, टाळ वाजत असतात, अभंग चालू असतो आणि माझी मनातल्या मनात 'नमो मरिया' ही जपमाळेची प्रार्थना चालू असते. मला त्याचा कधीच अडथळा वाटला नाही, उलट ज्या दिवशी ते नसतात त्या दिवशी माझंच लक्ष उडतं.

घरी अजून थोडी वाडी आहे, केळी आणि पानवेल. आजोबा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सगळं वाचायचे, 'सुवार्ता' मासिक घरी यायचं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा एक ख्रिस्ती धर्मगुरू मराठीचा अध्यक्ष कसा म्हणून विरोध झाला, ते आजोबांना फार लागलं होतं. आजोबा म्हणाले, फादर स्टीफन्सने सोळाशे सोळात गोव्यात 'ख्रिस्तपुराणा'च्या मराठी ओव्या छापल्या, चारशे वर्षं झाली, अजून आम्ही पाहुणेच का. २०२४ च्या जुलैमध्ये फादर दिब्रिटो गेले तेव्हा आमच्या गावातले किती जण रडले सांगू. माझ्यासाठी श्रद्धा म्हणजे काय याचं पहिलं उत्तर तेच होते, मिस्सा (चर्चमधली उपासना) पण करायचा आणि हरित वसईसाठी, पाण्यासाठी रस्त्यावर पण उतरायचं. मी आता पॅरिशच्या (आमच्या भागातल्या चर्चच्या) युवा गटात झाडं लावायचं आणि विहिरी साफ करायचं काम बघतो, आणि ते मी समाजसेवा म्हणून करत नाही, प्रार्थना म्हणूनच करतो.

कोल्हापूर, शिक्षण पुण्यात, हॉस्टेल

मी लिहू का नको असा विचार करत होते कारण माझं थोडं वेगळं आहे. आम्ही पेंटेकोस्टल. दागिने घालत नाही, शुक्रवारी उपवास-प्रार्थना असते. लग्नात मोकळा गळा बघून बायका हळहळतात, त्यांना वाटतं घरची परिस्थिती बेताची असेल.

खरा प्रश्न प्रसादाचा. गणपतीत हॉस्टेलवर रोज कुणाचा ना कुणाचा मोदक येतो आणि माझं मन नाही मानत. पहिल्या वर्षी मैत्रिणीला वाईट वाटू नये म्हणून काय बोलायचं हेच सुचायचं नाही. बायबलमध्ये संत पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, पाठवलेल्या पत्रात यावर अख्खा अध्याय लिहिलाय, मूर्तीला दाखवलेलं अन्न खावं का नको, आणि त्याचं म्हणणं दोन्हीकडून आहे, खाल्लं म्हणून आपण देवाच्या जवळ जात नाही आणि नाही खाल्लं म्हणून लांब जात नाही, पण तुझ्यामुळे दुसऱ्याचा विवेक अडखळता कामा नये. मी खूप वेळा वाचलं. शेवटी मैत्रिणीला खोलीत बसवून सरळ सांगितलं की तुझ्या देवाचा अपमान म्हणून नाही, मी माझ्या देवाला दिलेल्या शब्दामुळे घेत नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मग मी आरतीच्या आधी तुझा मोदक बाजूला काढत जाईन. तेव्हापासून तसंच चाललंय, आणि खरं सांगते, तिच्या आईच्या हातचे मोदक मला माझ्या घरच्या कशाहीपेक्षा जास्त आवडतात. मी जेवणाआधी डोळे मिटते तेव्हा ती पण घास तोंडाशी थांबवून धरते. मी तसं कधी सांगितलेलं नाही.

परत वसईवाला

ताई, तुमचा आदर आहे, पण आमच्याकडे प्रसाद घेतात. शेजारच्या काकू देतात तर त्यांचं प्रेम म्हणून घेतो आणि क्रूसाची खूण करून खातो, आमच्या फादरनी कधी अडवलं नाही. तुमचा मार्ग जास्त अवघड आहे आणि तुम्ही तो न दुखावता निभावलात हे मला शिकण्यासारखं वाटलं.

मिरज, २२, फिजिओथेरपी

आमचं घर मिशन दवाखान्याच्या आसपास वाढलेलं. वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये तो सुरू केला, आजी तिथे नर्स होती. घरात संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना चुकत नाही, सगळे गोल बसतात, एक गीत, एक उतारा, मग लहान माणसापासून सुरुवात करून प्रत्येकाने प्रार्थना करायची.

पप्पा वारले आणि माझी प्रार्थना बंद पडली. म्हणजे गोलात मी बसायचे, माझी पाळी आली की फक्त आमेन म्हणायचे, आणि आईने एकदाही टोकलं नाही याबद्दल मी तिची आयुष्यभर ऋणी आहे. मंडळीतले लोक येऊन म्हणायचे देवाची इच्छा, देवाला चांगली माणसं लवकर लागतात. प्रेमाने म्हणत होते पण ते ऐकवायचं नाही. ज्यांच्या घरात नुकतं कोणी गेलंय त्यांना कृपा करून असं बोलू नका, जेवणाचा डबा आणा, बँकेच्या कागदांना मदत करा, गप्प बसा.

त्याच वर्षी उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे) बारा ते तीनच्या उपासनेत तरुण संघातून मला चौथ्या उद्गारावर बोलायला सांगितलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वधस्तंभावरून येशू सात वेळा बोलला आणि आमच्याकडे सात जण एकेका उद्गारावर बोलतात. चौथा म्हणजे तू माझा त्याग का केलास हे विचारणारा. मी पाळकांना म्हणलं माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीये, मी स्वतःच तिथे उभी आहे. ते म्हणाले मग तेच सांग. मी तेच सांगितलं, की देवाच्या पुत्रानेसुद्धा हा प्रश्न विचारला आणि त्याला त्या वेळी वरून काही उत्तर आलं नाही, आणि हा प्रश्न शास्त्रातून कोणी खोडून टाकला नाही. जास्त वेळ बोलू शकले नाही. पण प्रश्न विचारणं म्हणजे विश्वास गेला असं नसतं हे मला बोलता बोलताच कळलं. बायबलमध्ये मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा बाप आहे ना, जो एका दमात विश्वास आहे असंही म्हणतो आणि माझ्या अविश्वासाला मदत कर असंही म्हणतो, तो माझा माणूस आहे. आता मी गोलात प्रार्थना करते, लहान करते, पण खरी असेल तेवढीच.

श्रीरामपूर तालुका, २७

सगळे गोड लिहितायत, मी थोडं कडू लिहितो पण मनापासून लिहितो. हरेगावची मतमाउलीची (मरियामातेची) यात्रा सप्टेंबरात असते, मराठवाड्यातून, नाशिककडून लोक येतात, कितीतरी चालत येतात. मी लहानपणापासून स्वयंसेवक, पाणी वाटायला, गर्दी आवरायला. रात्री यात्रेकरू मैदानात पथाऱ्या टाकतात, त्यात नुसते ख्रिस्ती नसतात, नवस सगळेच बोलतात. ती गर्दी मला फार आवडते.

पण आमच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तो गावकुसाबाहेरून घेतला हे मी लपवत नाही. बाप्तिस्म्याने आम्हाला शाळा दिली, नाव दिलं, ताठ उभं राहायला शिकवलं. जात मात्र गावाने आमच्यासाठी सांभाळून ठेवली. आणि सरकारी कागदावर उलटं, १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, मग १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेर. महाराष्ट्रात आम्ही ओबीसीत धरले जातो. दाखल्यासाठी गेलो तेव्हा एका कार्यालयात साहेब म्हणाले, ख्रिश्चनात जात कुठे असते? मी म्हणलं साहेब, हेच आमच्या गावाला सांगा ना.

आणि चर्चमध्येही सगळं पुसलं गेलंय असं कुणी म्हणू नका. लग्नाचं स्थळ बघताना पहिले दोन प्रश्न विश्वासाचे असतात आणि तिसरा मूळ कुठले म्हणून. एकाच प्याल्यातून द्राक्षारस घेणारी माणसं आपण, तिसरा प्रश्न आपल्या पिढीने बंद केला पाहिजे. मी माझ्या लग्नाच्या बोलण्यात घरच्यांना तो विचारू देणार नाही हे सांगून ठेवलंय.

मुंबई, २१

माझं छोटंसं. आठ सप्टेंबरनंतर वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा भरते, मी दरवर्षी वर्गातल्या मैत्रिणीबरोबर जाते, ती मारवाडी आहे. तिथे मेणाचं घर, मेणाचा हात, पाय, बाळ असं मिळतं, ज्याला जे मागायचं ते वाहायचं. ती गेल्या वर्षी मेणाचं घर घेऊन आली होती, मी काही मागत नाही, नुसती मेणबत्ती लावते. मागितलं की मी दिवस मोजत बसते, माझा स्वभावच तसा आहे, म्हणून आभारच मानायचे असं ठरवलंय.

पुणे, २५, तबला

मी चर्चमध्ये तबला वाजवतो हे सांगितलं की लोकांना वाटतं गंमत करतोय, चर्च म्हणजे गिटार असंच डोक्यात असतं. अरे रेव्हरंड टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्याला भजनं देऊन ठेवलीत. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५, आणि तोवर वाचलेले ज्ञानोबा-तुकोबा त्यांनी टाकून नाही दिले, बरोबर घेऊन आले. त्यांची पदं अजून आमच्या उपासनेत पेटीवर होतात आणि म्हाताऱ्या बाया पुस्तक न उघडता सगळी कडवी म्हणतात.

आमच्या तरुण संघात यावरून ओढाताण आहे. अर्ध्यांना ड्रम, कीबोर्ड आणि हिंदी-इंग्लिश वर्शिप हवं, ते म्हणतात भजनाला झोप येते. मी दोन्हीकडे वाजवतो. पण मला मनापासून वाटतं की भजन हळू म्हटलं म्हणून झोप येते, त्याची लय नीट चढवली तर येत नाही. गेल्या ईस्टरला पहाटेच्या उपासनेला आम्ही एक जुनं पद विलंबितात सुरू करून शेवटच्या कडव्याला दुगुनात नेलं, पोरं आपोआप टाळ्या धरायला लागली. उपासनेनंतर त्यातलाच एक ड्रमवाला येऊन म्हणाला, मला केरवा ताल शिकव. आता शनिवारी सरावाआधी तो येतो.

माझी एकट्याची सवय विचाराल तर, वाजवायच्या आधी तबल्यावर हात ठेवून मनात म्हणतो, प्रभू, आज माझं कौतुक नको. कधी कधी होतं तरी कौतुक, मग परत म्हणतो.

जालना, २३, शिक्षिका

आमच्या खेड्यातल्या मंडळीत कापणीचा सण असतो त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. ज्याच्या शेतात जे आलं ते वेदीपुढे आणून ठेवायचं, ज्वारी, बाजरी, भोपळे, कोंबड्या, अंडी, ज्यांना शेत नाही ते घरी केलेलं लोणचं, पापड आणतात. उपासना झाली की बाहेर मांडवात लिलाव. मला हा दिवस नाताळापेक्षा आवडतो. एखाद्या विधवा बाईने आणलेली चार अंडी असतात ना, त्यालाच सगळ्यात जास्त बोली लागते, लोक मुद्दाम चढवत नेतात, आणि घेणारा ती अंडी परत मंडळीला देतो, परत लिलाव होतो, असं दोनतीनदा चालतं. ती बाई पदर तोंडाला लावून बघत उभी असते. तो पैसा दुरुस्तीला, गरिबांच्या औषधपाण्याला जातो.

माझ्या शाळेतल्या मुस्लिम बाई मागच्या वेळी आल्या होत्या, त्यांनी एक पपई घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कापून सगळ्यांना दिली. यंदाची तारीख पाळकसाहेबांनी अजून सांगितली नाहीये, ठरली की इथे टाकते. तबलावाले दादा, तुम्ही याच, आमच्याकडे ढोलकी आहे पण वाजवणारा कामाला सुरतेला गेलाय. बाकीच्यांनी पिशव्या घेऊन या आणि बोली चढवायला लाजू नका.