३/८ इंची तांब्याच्या नळीचा फ्लेअर (जोडासाठी फुलवलेलं तोंड) गळतोच आहे, काय चुकतंय?

पाना_२२
स्प्लिट एसीच्या (आर-३२ गॅसवाल्या) नळ्या जोडतोय, गॅस अजून सोडलेला नाही. १/४ इंचीचा जोड पक्का बसला. ३/८ इंचीला मात्र नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावलं की नटाच्या मागून बारीक बुडबुडे येतात. दोनदा फ्लेअर कापून नवा केला, नट आणखी आवळून पाहिला, फरक नाही. टूल साधं, पट्टी आणि शंकूवालं. आट्यांवर टेफलॉन टेप लावू का? नटापासून दोन बोटांवर नळीला वळण आहे, त्याचा काही संबंध असेल का?

तांबट
टेप लावू नका. या जोडात आटे फक्त दाबून धरायचं काम करतात. गळती अडते ती नळीचं फुललेलं तोंड समोरच्या पितळी शंकूवर घट्ट बसल्यामुळे. टेपमुळे गळती थांबत नाही, उलट तिचे तुकडे आत जायची भीती.

आधी दाब पूर्ण सोडा, मग नट उघडून फ्लेअरचा आतला भाग तिरप्या उजेडात बघा. चकचकीत पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा हवा. एका बाजूला रुंद, दुसरीकडे अरुंद असेल तर नळी तिरकी कापली गेली आहे. आतून कडेपर्यंत उभा ओरखडा दिसला तर टूलच्या शंकूवर किंवा नळीत कीस राहिला होता. कडेला चीर असेल तर नळी कडक आहे, नाहीतर नट जास्त आवळला गेला. यातलं काहीही असलं तरी तो फ्लेअर कापायचाच, आवळून सुधारत नाही.

नवा करताना कटर दर फेरीला थोडाच आवळा. घाईत नळी लंबगोल होते आणि आत जाड कंगोरा उठतो. तो रीमरने (आतली कड खरवडायचं हत्यार) काढताना नळीचं तोंड जमिनीकडे धरा, म्हणजे कीस आत पडणार नाही. नट आत्ताच नळीत घाला, नंतर जात नाही. पट्टीच्या भोकाची ज्या बाजूची कड उतरती आहे त्या बाजूने नळी वर काढा. टूलच्या शंकूला रेफ्रिजरंट तेलाचा एक थेंब पुरे.

तुमच्या फ्लेअरचा बाहेरचा व्यास किती आहे? आणि नळी पट्टीच्या वर किती ठेवली होती?

पाना_२२
कॅलिपरने ११.९ मिमी. नळी पट्टीच्या अगदी सपाटीला ठेवली होती, टूलच्या माहितीत तसंच पाहिलं होतं.

तांबट
मग कारण सापडलं. सपाटीला, म्हणजे ० ते ०.५ मिमी, हे माप क्लचवाल्या (ठराविक दाबानंतर आपोआप सैल फिरणाऱ्या) टूलचं. साध्या टूलला आर-३२ साठी नळी १ ते १.५ मिमी वर हवी. ३/८ इंचीचा फ्लेअर १२.८ ते १३.२ मिमी भरला पाहिजे (१/४ इंचीला ८.७ ते ९.१). तुमचा लहान राहिल्याने नटाला धरायला कडच कमी मिळते. १/४ इंचीचाही मोजा. आज धरलाय म्हणून पुढे धरेलच असं नाही. पट्टी सैल असली तरी शंकू दाबताना नळी खाली सरकते, तेही तपासा.

वळणवेडा
वळणाचा संबंध आहे. ते इतकं जवळ असेल तर नळी नटात सरळ बसत नाही, एका बाजूला ओढते. फ्लेअर दोनदा कापल्याने तुमचं वळण आणखी जवळ आलंय. जास्तीची नळी असेल तर ते वळण सोडून द्या आणि नवं लांबवर घ्या. लिव्हर बेंडर असेल तर उत्तम. नळीवर बाहेरून चढवायची स्प्रिंग वापरत असाल तर ती फ्लेअर करण्याआधी घाला, आणि वाकवताना गुडघ्यावर एकाच जागी जोर देऊ नका. नळी आतल्या बाजूने चपटी होते आणि तिथून परत सरळ होत नाही.

मोजपट्टी
दोन पाने वापरा, एक फिटिंग धरायला आणि दुसरा नटाला, नाहीतर नळीला पीळ बसतो. नट आधी हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे. मग टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) ३/८ ला ३३ ते ४२ न्यूटन-मीटर, १/४ ला १४ ते १८. तेल फ्लेअरला, आट्यांना नाही. आटे तेलकट असले तर तेवढ्याच टॉर्कला नट जास्त आवळला जातो. चाचणीला कोरडा नायट्रोजनच, ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी स्फोट होतो.

पाना_२२
१.२ मिमी वर ठेवून केला, १३ मिमी भरला. वळणही लांब घेतलं. बुडबुडे बंद. १/४ इंचीचा ८.३ निघाला, तोही आता कापतोय.