अनुभव धागा : कॉलेजात पेटी शिकवणारे आपले सर आणि मॅडम

मोर्शीकर
परवा गावच्या भजनात एक मुलगी पेटीवर होती. गाणारे काका आलापात शिरले की ती हात हलका करून नुसता षड्ज धरून ठेवायची आणि ते समेवर आले की पुन्हा पूर्ण हाताने त्यांना साथ द्यायची. ही सवय ओळखीची वाटली म्हणून विचारले, तर ती आमच्याच सरांच्या शेवटच्या तुकडीतली निघाली.

सर बी.ए.ला संगीत शिकवत आणि पंचक्रोशीत साथीलाही जात. सकाळच्या पहिल्या एसटीने उतरून, मुले येण्याआधी, ते स्वतःचा रियाज करत. नोकरी लागल्यावर रियाज सुटलेले पुष्कळ जण मी पाहिले आहेत, म्हणून ही गोष्ट मला मोठी वाटते. पेटीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, निघत नाही आणि तिचे स्वर पट्टीला बांधलेले असतात, या आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, हे सर पहिल्याच आठवड्यात सांगत. आक्षेप खरा आहे, असे ते मान्य करत. म्हणूनच कोणी दरबारी राग गायला बसले की त्यातल्या आंदोलित, म्हणजे हेलकावत घ्यायच्या, कोमल गंधाराच्या जागी सरांचा हात पट्टीवरून उठलेला असे. तो स्वर गाणाऱ्याचा, आपण त्यात पडायचे नाही, हे त्यांनी आम्हाला वाजवून नव्हे तर न वाजवून शिकवले. आपल्यालाही असे गुरुजन लाभले असतील, तर कृपया लिहावे.

दर्यापूरची लेक
आमच्या मॅडम तासाला आल्यावर आधी आमचे हात बघत. वेचणीच्या दिवसांत आम्ही बऱ्याच मुली रविवारी रोजाने कापूस वेचायला जात असू आणि बोंडांच्या वाळलेल्या टोकांनी बोटे ओरबाडून निघत. जिची बोटे दुखत असत तिला मॅडम पट्ट्यांवर बसवत नसत. हातावर ताल देत तेच अलंकार, म्हणजे सरावाचे स्वरक्रम, गळ्याने म्हणायला लावत, त्यामुळे कोणी मागे पडत नसे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा परीक्षा मी अशाच तयारीवर दिली. आजही कोणताही पलटा माझ्या गळ्यात आधी बसतो आणि बोटांत नंतर उतरतो.

पूर्णाकाठ
ताई, माझ्या आईनेही आयुष्यभर वेचणी केली. हात बघणाऱ्या मॅडमना माझा नमस्कार सांगा.

वडसेकर
माझे मामा दिवसा कॉलेजात संगीत शिकवत आणि दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा, हंगाम सुरू झाला की रात्री झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गनवर बसत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या भागातल्या या रंगभूमीचे आमचे वडसा हे मोठे केंद्र आहे, आणि इथले नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. सलग प्रयोगांनी नटाचा गळा बसलेला असे आणि तो ऐनवेळी काळी दोन ही ठरलेली पट्टी सोडून तिच्या खालच्या काळी एकमध्ये पद उचलत असे; मामा पहिल्या दोन अक्षरांत ते ओळखून तिथूनच त्याला हात देत. कॉलेजातल्या काहींना नाटकातले वादन कमी प्रतीचे वाटे, याचे मला फार वाईट वाटत असे. मामांनी मात्र आपल्या विद्यार्थ्यांना आळीपाळीने नेऊन ऑर्गनच्या मागे बसवले, कारण पट्टी बदलण्याची ती शिकवण वर्गात मिळणे शक्यच नव्हते. जागरण झाले तरी सकाळचा तास त्यांनी बुडवला नाही.

आर्वीचा विद्यार्थी
मी सध्या नागपुरात पियानो शिकत आहे. पियानोत हातोडी तारेवर पडली की नाद लगेच विरू लागतो आणि लहानमोठेपणा बोटाच्या जोरावर ठरतो, तर पेटीत हे काम डाव्या हाताचा भाता करतो, त्यामुळे मला सुरुवातीला सगळे नव्याने शिकावे लागले. अंगठा बोटांखालून नेण्याची शिस्त मात्र आमच्या गावाकडच्या सरांनीच लावली होती आणि ती इथे जशीच्या तशी उपयोगी पडली. मोर्शीकर काका, तुमच्या सरांच्या पेटीचा गंधार वेगळा जुळवलेला होता, असे मी ऐकले आहे. ते खरे आहे का?

मोर्शीकर
खरे आहे. बाजारच्या पेटीतला शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा, चढा असतो. पेटीच्या आत हवेने थरथरणारी पितळी सुराची पट्टी टोकाकडे घासली की स्वर चढतो आणि मुळाकडे घासली की उतरतो. सरांनी आमच्यासमोर झाकण काढून, तंबोरा छेडत, मुळाकडे हलक्या हाताने घासत तो गंधार उतरवला होता. अशी पेटी एकाच षड्जाला खरी बोलते, म्हणून ती त्यांनी स्वतःच्या रियाजापुरती ठेवली आणि वर्गातल्या पेटीला कधी हात लावला नाही, कारण तिथे प्रत्येक मुलाची पट्टी निराळी होती.