नवे शिक्षक टिकवायचे असतील, तर विद्यापीठाने शाळेत यावे का?

धागाकर्ता

बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचे झाले आणि त्यात वीस आठवड्यांचा शालेय अनुभव बंधनकारक झाला. या काळात महाविद्यालयाचे प्राध्यापक छात्राध्यापकाच्या, म्हणजे बी.एड. करणाऱ्या शिकाऊ शिक्षकाच्या, वर्गात मागच्या बाकावर बसतात, पाठ टाचण तपासतात, फळ्यावरच्या लेखनापासून प्रश्न विचारण्याच्या पद्धतीपर्यंत शेरे देतात. तोच छात्राध्यापक शासनाच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत शिक्षणसेवक (कायम होण्याआधी तीन वर्षे मानधनावर काम करणारा शिक्षक) म्हणून रुजू झाला की मात्र त्याच्या अध्यापनाबद्दल त्याच्याशी बोलायला बहुधा कुणीही उरत नाही. केंद्रप्रमुख येतात, पण त्यांच्याकडे अनेक शाळा असतात आणि भेटीचा बराच वेळ माहिती गोळा करण्यात जातो.

शिक्षणसेवकाची तीन वर्षे विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग, जिल्ह्याची शिक्षक-प्रशिक्षण संस्था (डायट) आणि शाळा यांनी मिळून सांभाळावीत, असे माझे ठाम मत आहे. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ येथे 1988 साली विद्यापीठाने परिसरातील शाळांबरोबर असा उपक्रम सुरू केला. त्यात अनुभवी शिक्षकांना वर्गातून पूर्ण मोकळे करून केवळ नव्या शिक्षकांसोबत काम करायला दिले गेले. आपल्याला हे अशक्य का वाटावे?

प्रतिसाद १ (विनाअनुदानित शाळेतील शिक्षक)

सर, आपल्या तळमळीबद्दल आदर आहे, पण निदान चुकले आहे. जिल्हा परिषदेतला शिक्षक सहसा नोकरी सोडत नाही, तो बदली मागतो. नोकरी सोडतो तो आमच्यासारख्या शाळांतला, आणि तो पगारामुळे सोडतो. डिसेंबर 2022 पर्यंत प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला सरकारच महिना 6,000 रुपये मानधन देत होते. 2023 मध्ये ते 16,000 झाले, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000. विनाअनुदानित शाळांत तेवढेही हातात पडेल याची खात्री नसते. घरभाडे थकलेल्या माणसाला प्रश्नोत्तर पद्धतीवर मार्गदर्शन करायला प्राध्यापक पाठवणे मला पटत नाही. आधी वेतन द्या, मतदारयाद्यांची कामे काढा आणि मग विद्यापीठाला बोलवा.

प्रतिसाद २ (बी.एड. महाविद्यालयातील प्राध्यापिका)

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. आम्हा अध्यापकाचार्यांपैकी अनेकांनी पहिली-दुसरीचा वर्ग कधीही सलग शिकवलेला नाही. महाराष्ट्रातील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेच्या प्रकरणातूनच सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला होता, आणि 2012 च्या अहवालात त्याने खासगी अध्यापक शिक्षण संस्थांच्या सुमार दर्जावर स्पष्ट बोट ठेवले होते. त्यातल्या किती सुधारल्या, हे आपण सगळे जाणतो. अशा संस्थांना शाळांशी जोडले, तर सामंजस्य करार होईल, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलला छायाचित्रे जोडली जातील, आणि नव्या शिक्षकाला भरायला आणखी एक नोंदवही मिळेल.

प्रतिसाद ३ (मेळघाटातील शिक्षक)

मॅडमच्या भीतीशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. आमच्या केंद्रात पश्चिम महाराष्ट्रातून एक ताई रुजू झाल्या. पहिलीच्या वर्गात चित्रतक्ता लावून ‘हे काय आहे?’ असे त्या रोज विचारत आणि मुले गप्प बसत. मुलांच्या घरची भाषा कोरकू, तिचे कूळही मराठीहून निराळे, आणि दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये त्यांना याबद्दल कुणी काही सांगितले नव्हते. आपल्यात शिकवण्याची कुवतच नाही, असे धरून त्या राजीनाम्याच्या गोष्टी करू लागल्या. शेजारच्या पाड्यावरचे एक जुने गुरुजी शाळा सुटल्यावर येऊन बसू लागले. चौथीतल्या दोन मुलींना पहिलीत बसवून आधी कोरकूत गप्पा आणि मग त्याच चित्रावर मराठी शब्द, हा क्रम त्यांनी करून दाखवला. ताई टिकल्या. त्या वर्षात त्यांच्या पगारात एक रुपयाही वाढला नव्हता, हे पहिल्या प्रतिसादातल्या सरांनी लक्षात घ्यावे.

गुरुजींच्या त्या कामाची मात्र कुठेच नोंद नाही. त्यासाठी त्यांना ना वेळ मिळाला ना प्रवासखर्च. विद्यापीठाने काही करायचेच असेल, तर अशा माणसाला मार्गदर्शक म्हणून मान्यता, मानधन आणि थोडे प्रशिक्षण द्यावे.

धागाकर्ता

ही दुरुस्ती मला मनापासून मान्य आहे: मार्गदर्शक अनुभवी शिक्षकच असावा आणि विद्यापीठाने त्याच्या पाठीशी उभे राहावे. राहिला वेळेचा प्रश्न. स्कॉटलंडमध्ये 2002 पासून नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी मुळात तासच कमी दिले जातात. आपल्या द्विशिक्षकी शाळेत एक जण बाहेर गेला की उरलेल्याकडे सगळ्या इयत्ता येतात, हे मला माहीत आहे. म्हणूनच छात्राध्यापकांचे वीस आठवडे अशा शाळांत लावावेत, म्हणजे त्या काळात मार्गदर्शक आणि नवा शिक्षक एकमेकांच्या वर्गात बसू शकतील.

प्रतिसाद १

म्हणजे रिकाम्या जागा फुकटच्या मनुष्यबळाने भरायच्या? शासन हे आनंदाने स्वीकारेल आणि भरती आणखी लांबवेल. छात्राध्यापकाला विद्यावेतन आणि राहण्याची सोय दिल्याशिवाय मी याला पाठिंबा देणार नाही.

प्रतिसाद ३

विद्यावेतनाची अट रास्त आहे आणि ती करारातच लिहावी. त्यासोबत आणखी एक अट लिहावी, की मार्गदर्शकाने पाहिलेले काहीही गोपनीय अहवालात जाणार नाही. इंग्लंडमध्ये 2021 पासून मार्गदर्शन करणारा आणि मूल्यमापन करणारा या भूमिका वेगळ्या ठेवल्या आहेत. शिक्षणसेवक कायम होणे ज्याच्या शेऱ्यावर अवलंबून आहे, त्याला ‘माझा वर्ग माझ्या हाताबाहेर जातो’ असे कुणीही सांगणार नाही.